घरून धुऊन आलेले पाय

पवित्र गुरुवारी सोहारच्या चर्चमध्ये
फादर बारा जणांचे पाय धुतात.
यादी महिनाभर आधी फळ्यावर लागते,
आणि बाराही जण
घरून पाय धुऊन येतात.

यंदा त्यात आमचे रेमेतमामा होते, नंदाखालचे,
बंदरावर क्रेन चालवून निवृत्तीला टेकलेले.
मामीने त्यांच्या टाचा दगडाने घासल्या,
नखं काढली, वरून व्हॅसलीन.
मी टॉवेल धरून उभी होते.
टॉवेल पांढरा गेला, पांढराच परत आला.
मी तो धुवायला म्हणून पिशवीत टाकला
आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. उपवास.
उपासनेला वेळ होता,
म्हणून शायनीच्या नवऱ्याच्या पिकअपमध्ये
तांदूळ, डाळ, तेल, पाण्याचे कॅन
आणि माझा ड्रेसिंगचा डबा घालून
आम्ही फलजच्या रस्त्याने कॅम्पवर गेलो.
एक्केचाळीस माणसं. पाच महिने पगार नाही.
आधी मालक गेला, मग त्याचा फोन गेला,
मग वीज गेली.

सामान उतरवायला दहा मिनिटं लागली.
द्यायला इतकाच वेळ लागतो.
पुढे काय करायचं ते कळत नाही,
म्हणून मी डबा उघडला.

बावीस वर्षं ड्रेसिंगरूममध्ये काढली.
मला माणसाचा पाय आधी दिसतो, तोंड नंतर.
हा पाय खाटेवर होता:
टाचेला बोट जाईल एवढी भेग,
बोटांच्या बेचक्यांत पांढरं कुजलेलं,
घोट्यावर बुटाचा काळा कडा.
तोंड गंगाराजमचं.
पूर्वी भिवंडीत मागावर होता,
म्हणून मोडकं मराठी.
मी बसले, तसे त्याने पाय पोटाशी घेतले.
"नको बाई. तू आईच्या वयाची.
मला पाप लागेल."

पेत्रानेही असंच केलं होतं.
पण त्याला पेत्र सांगून काय उपयोग?
खरं सांगायचं तर मला रागच आला.
काल बारा पाय आपणहून आले ओळीत,
आणि ज्याला गरज आहे तो खाटेवर आक्रसून बसलाय.
ऊन चढत होतं. शायनी घड्याळ बघत होती.

"मग मी पण काही करणार," तो म्हणाला.
म्हटलं, "कर बाबा. आधी पाय दे."

तसराळं नव्हतं, रंगाची बादली होती.
पहिलं पाणी चहासारखं झालं, दुसरं त्याहून काळं.
तो भिंतीकडे बघत होता,
आणि पुसायला पिशवीत हात घातला
तर हाताला लागला
चर्चचा टॉवेल.

क्षणभर थांबले. मग पुसले.

पट्टी बांधून उठते तर
तो लंगडत आत गेला
आणि बाटली घेऊन आला.
बाटलीवर तेलुगूत त्याचं नाव,
कारण टँकर तिसऱ्या दिवशी येतो
आणि इथे पाण्यालाही नाव लावावं लागतं.
आमचे कॅन दारातच होते, भरलेले.
त्याने त्यांना हात लावला नाही.
"हात पुढे कर."
स्वतःच्या बाटलीतलं पाणी
माझ्या हातांवर धरलं, मनगटापासून,
सावकाश, जसं जेवायला आलेल्या माणसाला घालतात.
मी म्हटलं, पुरे.
तो थांबला नाही.

बावीस वर्षांत नळाशिवाय कुणी
माझ्या हातांवर पाणी ओतलं नव्हतं.
हात कसे धरायचे तेही आठवेना.

संध्याकाळी क्रूसाच्या रांगेत
सगळे अनवाणी. माझ्या पुढे रेमेतमामा.
अंगणातून चालत आले होते,
व्हॅसलीन लावलेल्या टाचांना
वाळू चिकटली होती, जाडसर, पिवळी.
त्यांना कळलं नव्हतं.

टॉवेल अजून माझ्या पिशवीत आहे.