बी बाहेर का?

शाळेत रेंज नाही, वाड्यावर नाही.
म्हादईच्या पुलावर, तिसऱ्या खांबापाशी
कठड्याला पाठ टेकून उभं राहिलं
की दोन काड्या उगवतात.
कधी दीडच.
साडेपाचची कदंबा यायला वीस मिनिटं असतात,
तेवढ्यात मी इंग्रजी उतरवून घेते,
डोक्यावरची मोळी कुणी हात देऊन उतरवावी तशी.

कोण कुठली बाई,
तिनं तक्ते, चित्रं, स्वतःचा आवाज
फुकट ठेवून दिलाय, पाणपोईसारखा.
कोण प्यालं, विचारत नाही.
फक्त: आपण शिक्षक आहात ना?
खूण करते.
आपण माणूस आहात ना?
सिद्ध करा. सिग्नल दिसणारे चौकोन निवडा.

सिग्नल.
घर ते शाळा, मला एकही आठवेना.
मी अंदाजानं बोट ठेवते,
जसा माझा नवलू झोरे ठेवतो
चिमणीच्या धुराड्यावर, बर्फातल्या गाडीवर,
चित्राकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत.
चुकलं.
नवे नऊ चौकोन.
खाली पाणी वाहतंय, वर मी
माणूस ठरायची वाट बघतेय.

सकाळी चौदा पोरं, एक फोन.
तो स्टीलच्या पेल्यात उभा केला की आवाज दुप्पट होतो
(हे मात्र कुठल्याच साइटवर नाही).
बाई म्हणते, थिन. थिक. थँक यू.
जीभ दातांत धरा.
पोरं धरतात. सुगंधा गावडे खोकतेसुद्धा,
कारण तिथं बाई खोकली होती.
नवलूला लगेच जमतं,
शेळ्या थोपवताना तो तसलंच काही करतो.
घरात धनगरी, अंगणात कोंकणी,
पुस्तकात मराठी,
इंग्रजी त्याची चौथी.
आणि मला सांगतात, हे पोर मागं आहे.

मग तक्त्यावर पांढरं घर आलं.
'टीचर, हांच्या कौलांवर मीठ कोणें ओतलां?'

त्या रात्री मी पेन्सिल घेतली.
बर्फ पुसला. पोफळी काढल्या, मिरवेल,
पाटाचं पाणी, वारूळ (नीट जमलं नाही, भाकरीसारखं दिसतं).
आणि ॲपलच्या जागी बोंडू,
कारण शब्दकोशात बघितलं तर
त्याला म्हणतात कॅश्यू ॲपल.
दुसऱ्या दिवशी दप्तरातून एक निघालाच.
ए फॉर ॲपल
माझ्या वर्गात पहिल्यांदा
वास येऊन खरं झालं,
आणि सुगंधाच्या फ्रॉकवर डाग पडला तो गेला नाही.

संध्याकाळी पुलावर तक्ता वर चढवायला लावला.
बासष्ट टक्क्यांवर कदंबा आली.
कंडक्टर म्हणाला, 'टीचर, येता न्ही?'
मी हातानंच सांगितलं, वच.
पुढची बस सातला. अंधार, डास,
आणि नव्याण्णव टक्क्यांवर किती वेळ.

आज महिना झाला.
उतरवून घेणारे: तीन.
त्यातली एक मीच, नीट दिसतं का बघायला.
उरले दोन.
कोण, कुठले, त्यांची पोरं घरात काय बोलतात,
काही कळायची सोय नाही.
एवढंच वाटतं, तिकडं बोंडू नसणार,
आणि एखादं मागं असलेलं पोर
तक्त्यावर बोट ठेवून विचारत असेल,
टीचर,
ह्या सफरचंदाची बी बाहेर का?