रेणापूरची

फंडाच्या पैशातून ह्यांनी जुनी वॅगनआर घेतली,
आधीच्या मालकाचा गणपती डॅशबोर्डवर तसाच.
चौतीस वर्षं कालव्याच्या गेटवर पाणी मोजलेला माणूस
म्हणाला, आपण आलो कुठून ते एकदा बघून येऊ.
मी म्हटलं, मी जिंतूरहून आले. एस्टीनं.
हे हसले नाहीत.

परभणी सोडली तेव्हा करडई फुलात होती.
डब्यात धपाटे, पर्समध्ये ह्यांच्या बीपीच्या गोळ्या
आणि ओआरएसची चार पाकिटं;
उपकेंद्रात जन्म गेला की सवय जात नाही.
गंगाखेडच्या पुढं रस्ता खणून ठेवलेला,
दोन्हीकडची तूर सिमेंटच्या रंगाची.
ह्यांनी एसी बंद केला, पेट्रोल खातंय म्हणून,
काच खाली घेतली, धूळ आली, वर केली,
पुन्हा खाली घेतली.

अंबाजोगाईला चुलत नणंद.
माझा हात हातात धरून ह्यांना विचारत राहिली,
"कोन म्हनलाव तुमी?"
तीनदा ह्यांनी बापाचं नाव सांगितलं.
चौथ्यांदा ती रडली. म्हणजे ओळखलं.

लातूरला पुतण्या, पोरांचं होस्टेल चालवतो.
वीस मिनिटं दिली, थंड पाण्याच्या बाटल्या दिल्या.
भिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो,
त्यात आपल्या तोंडावळ्याचं कुणी आहे का
हे चष्मा लावून बघत होते.

निलंग्याच्या पलीकडं सापडला बसाप्पा हेळवी.
बैल गेला, आता मोटारसायकल.
पिशवीतून वही काढली, आणि वहीतून आमचं घर:
विश्वंभरचा बाप गणपत, गणपतचा सटवाजी,
सटवाजीचा मानाजी, मानाजीचा येसू,
येसू दुष्काळात गुरं घेऊन बालाघाट उतरला.
हे मांडी घालून, पाण्याची पातळी टिपावी तसं
टिपून घेत होते.

आणि बाया? मी विचारलं.
आहेत की, म्हणाला. सटवाजीला रेणापूरची.
मानाजीला लामजन्याची, ती बाळंतपणात गेली,
मग घाटनांदूरची. येसूला हाडोळतीची.
नाव?
हेच नाव.

तीस वर्षं मी बाळंतिणींचं रजिस्टर लिहिलं,
नाव, वय, खेप कितवी.
लामजन्याची कितव्या खेपेला गेली
ते विचारायचं राहूनच गेलं.

मग त्यानं पेन काढला. विश्वंभरला कुठली?
प्रयाग, हे म्हणाले.
"इतक्या लांबची?"
नाव आहे तिचं! जरा मोठ्यानंच.
बेचाळीस वर्षांत 'अगं'शिवाय हाक नाही,
आणि परक्याच्या ओसरीवर हे असं.
बसाप्पानं जिंतूरची असं लिहिलं
आणि वर बारीक अक्षरात,
चुकलेलं दुरुस्त करावं तसं, प्रयाग.

मुलगा?
मुलगी. एकच. तिचं लिहा.
तिचं तिकडच्या वहीत जातं, मालक.
ह्यांनी पाचशेची नोट पुढं सरकवली, तिच्यावर आणखी एक.
पैशाचं नाही, बसाप्पा म्हणाला,
ह्या वहीला तशी रेघच नाही.

येताना हे बोलत नव्हते.
लामजन्याची पाटी आली, गाडी हळू झाली.
रेणापूरच्या फाट्यावर तर थांबलेच, चहा घेतला.
माझ्या सासूची सासू इथली.
चहा फार गोड होता, मी सगळा प्याले.

परभणीत घराचं वळण आलं तेव्हा
दिवेलागण झालेली. हे वळले नाहीत.
मी काही विचारलं नाही.
शहर संपल्यावर हिरवी पाटी दिसली,
हेडलाइटमध्ये पांढरी अक्षरं.
"तुझं नाव आलं बघ."
माझं कुठलं, मी म्हटलं,
आणि माझ्या आईला तर बोरीची म्हणायचे.
ह्यांनी गिअर बदलला.
"मग आधी बोरी लागेल,"
म्हणाले, आणि काच खाली घेतली.