तास

चोमाबाहेरच्या आमच्या शाळेत घंटा नाही.
मुसांगूच्या झाडाला नांगराची जुनी तबकडी टांगली आहे,
बोल्टने ठोकली की वाजते.
जिने कधी रानात तास पाडले
ती आता तास मोजून देते.

वर्गखोली एक, पाळ्या तीन.
पहिली मुतिन्ता हामूंगाबाईंची, दुसरी माझी.
तासिका कागदावर पाऊण तासाची.
मी जरा लवकर येतो,
खिडकीखाली पालथ्या बादलीवर बसतो
आणि बाईंचं गणित ऐकतो, फुकटात.

अठ्ठ्याहत्तर मुलं.
हजेरीलाच सात मिनिटं जायची,
चार पुस्तकं वाटण्यात, सहा जणांत एक,
मग खडू सापडेना, मग कुणाला बाहेर जायचं असे.
पाऊण तासातला पाव असाच सांडायचा
आणि उरलेल्या अर्ध्यात
धडाही अर्धाच व्हायचा.

मे महिन्यात बाईंनी मोडक्या दाराची एक फळी आणली.
अठ्ठ्याहत्तर खिळे,
प्रत्येक खिळ्याला दोऱ्याने बांधलेलं बाटलीचं एक बूच.
आत येताना आपलं बूच उलटायचं.
लाल बाजू म्हणजे आलो,
चंदेरी म्हणजे नाही.
झाली हजेरी, एकही नाव न उच्चारता.

मी हसलो. म्हटलं, सात मिनिटं वाचली,
आता काय, बाजारात विकणार?
बाई म्हणाल्या, खर्च करीन.
मला वाटलं, आणखी सात गणितं.

मंगळवारी त्यांनी विचारलं:
पाऊण पोतं पीठ, दोन घरांत सारखं वाटलं,
एका घराला किती?
पुढच्या बाकांवरून हातांचं रान उगवलं.
बाईंनी नाव घेतलं ते हात खाली असलेल्या
भिंतीकडच्या चोल्वेचं.

ती उभी राहिली.
सवयीने मी मोजायला लागलो.
तीन. एव्हाना मी दुसऱ्याला विचारलं असतं.
दहा. कुणीतरी उत्तर कुजबुजलं,
बाईंचं एक बोट वर गेलं, कुजबूज बसली.
वीस. एक कोंबडी दारातून आत आली,
वर्ग बघून परत गेली.
खडू बाईंच्या हातात होता, हलत नव्हता.
घाम मला फुटला, बाहेर, बादलीवर.

चोल्वेने वहीचं पान फाडलं,
चार घड्या केल्या, एक मागे दुमडली,
उरलेल्या तिघींकडे बघत राहिली.

आणि तबकडी वाजली.

माझी मुलं दाराशी रांगेत आली होती,
पोटऱ्यांपर्यंत धूळ.
माझा हात कडीवर गेला.
इथून पुढची मिनिटं माझी होती,
कागदावर, शिक्क्यासकट.
हात तिथेच राहिला.

आत तिने सगळ्या घड्या मधून पुन्हा मोडल्या.
"तीन," ती म्हणाली,
"पण चारातले नाहीत. आठातले."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
बाईंनी फळ्यावर लिहिलं, तीन अष्टमांश,
आणि खाली, बारीक, तिचं नाव.

जाताना म्हणाल्या, तुमची दोन मिनिटं घेतली मी.
मी काही बोललो नाही.
खरं सांगायचं तर रागच आला होता.
माझं व्याकरण त्या दिवशी
शेपटाशी अडकून राहिलं.

दुसऱ्या दिवशी आत गेलो
तर फळा पुसलेला, तारीख घातलेली,
माझ्या धड्याचं नाव, माझी अडकलेली ओळ,
तिच्याखाली मी मारतो तशीच वाकडी रेघ.
घड्याळ लावून बघितलं नसतं तरी कळलं असतं:
दोन मिनिटांचं काम.

मी मुलांकडे वळलो.
म्हटलं, ल्वेंदो, तू सांग.
आणि थांबलो.

नऊपर्यंत पोचलो,
मग उत्तर मीच देऊन टाकलं.

काल चौदा झाले.