सहा ठोके

मेमधल्या प्रशिक्षणातलं बाकी सगळं विरलं.
मोगरा गट, शेवंती गट, स्केचपेनांचा वास,
कूलरमधलं पाणी अकरालाच संपलेलं,
दोन बिस्किटं, अर्धा कप चहा, सहीचा कागद.
एक वाक्य तेवढं माझ्यासोबत घरी आलं,
पदराला कुसळ चिकटावं तसं:
प्रश्न विचारल्यावर थांबा. निदान तीन सेकंद.
सांगणारे साहेब स्वतः थांबले नाहीत.
"समजलं ना?" म्हणाले, आणि पुढची स्लाइड.

मला वाटलं, मी तर थांबतेच.
एकोणीस वर्षं झाली शिकवून.

जुलैत शमशादबाई माझ्या वर्गात येऊन बसल्या,
शेवटच्या बाकावर, गुडघे आखडून,
मुलाचं शर्यतीचं स्टॉपवॉच घेऊन.
सुट्टीत डब्याआधी वही उघडली:
"चौतीस प्रश्न विचारलेस.
सरासरी थांबलीस पाऊण सेकंद.
अकरा उत्तरं तूच दिलीस,
आठ पूजा गाजूलनं. बाकी हवेत."
मग शेंगाचटणी माझ्या भाकरीवर ठेवत,
"रागावू नकोस गं. परवा तू माझ्या वर्गात ये.
मी तुझ्याहून वाईट असेन."

नव्हत्या.
हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

थांबा म्हणणं सोपं आहे.
थांबलं की काय काय ऐकू येतं:
पंख्याची कुरकुर, कुणाच्या तरी पोटातली भूक,
आणि भिंतीपलीकडचा यंत्रमाग.
सोलापुरात, भद्रावती पेठेत, शाळेला शांतता नसते,
नुसता ताल असतो.
तीन सेकंद म्हणजे धोट्याचे सहा ठोके, मी मोजलेत.
चौथ्याला जीभ शिवशिवते.
पाचव्याला वाटतं, पोरं म्हणतील बाई विसरल्या.
सहाव्याला बहुधा पूजाचाच हात वर येतो.

पहिले पंधरा दिवस काहीच झालं नाही.
गोंधळ तेवढा वाढला. एकानं शिट्टी मारली.
हेडसर दारातून डोकावले,
"बाई, बरं वाटत नाहीये का?"

मग तो बुधवार. भागाकार.
मागे शमशादबाई पुन्हा, गुडघे आखडून.
पुस्तकातले पेढे काढून मी विड्या घातल्या,
हुशारी वाटली स्वतःची:
"आईनं हजार विड्या वळल्या.
पंचवीसचा एक कट्टा. तर कट्टे किती?"
एक. दोन. तीन. चार.
पूजाचा हात. मी मान हलवली, थांब.
सात. आठ. नऊ.
तिसऱ्या रांगेतून, जूनपासून जिच्या तोंडून
'हजर बाई' सोडून काही आलं नव्हतं,
ती अनसूया येमूल:
"मुप्पै एनिमिदि."
आणि मग मराठीत, जपून पाय ठेवावा तसं,
"अडतीस."

"चाळीस!" पूजा ओरडली. वर्ग हसला.
माझा खडू फुलीकडे निघालाच होता.
"अडतीस का गं?"
हे कसं सुचलं, ठाऊक नाही.

"दोन कट्टे छाट जातं, बाई.
कारखान्यातला चेकर मोडून टाकतो.
पैसे अडतीसचेच."

हसणं आपोआप संपलं.
निम्म्या वर्गाच्या आया त्याच रांगेत
मांडीवरचं सूप काखेत धरून उभ्या असतात.
पूजाचीसुद्धा.
पुस्तकाच्या मागं उत्तर आहे चाळीस.
त्रेचाळीस पोरं माझ्याकडं बघत होती.
पलीकडं माग चालू होता,
मला मोजायचं सुचलं नाही.

शमशादबाईंच्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी:
"पूजानं हात खाली घेतला, आपणहून.
तू थांबलीस बावीस सेकंद.
मग फळ्यावर दोन्ही उत्तरं लिहिलीस.
एकही पुसलं नाहीस.
घंटा झाली. कुणी उठलं नाही.
स्टॉपवॉच बंद करायचं राहिलं माझ्याकडून."