क्रमशः

तिरोडकर आले होते गॅरेजवर, रे रोडला,
इस्त्रीचा शर्ट सांभाळत.
"ट्रकखाली माणूस लपवायचाय. धरायचं कुठे?"

मी बॅटरी मारून दाखवलं:
ही आडवी पट्टी, इथे पाय अडकवायचे,
सायलेन्सरपासून लांब,
आणि फिरता शाफ्ट सदऱ्याला सोडत नाही.
त्यांनी वहीत उतरवलं सगळं.
‘शाफ्ट’ऐवजी ‘दांडा’ चालेल का, म्हणाले.

पुढच्या अंकात दुर्जय लटकला.
यलो गेट, मध्यरात्र,
पाठीखाली चार बोटांवर डांबर,
कानाशी हवालदाराचे बूट,
काठीचं टोक खाली वाकत येतंय...
क्रमशः.

मासिक त्याच महिन्यात बंद पडलं.
मग तिरोडकरही गेले,
वही कुठल्या रद्दीत, कोण जाणे.

मी अजून फळीवर पाठ टेकून
गाडीखाली सरकतो तेव्हा
आधी आडव्या पट्टीकडे बघतो.
ग्रीस, वाळका चिखल,
एकदा मांजराचं पिल्लू.

परवा शिवडीच्या एका ट्रकखाली
पट्टीवर चार बोटं उमटलेली, ताजी.
पोऱ्या म्हणाला, "तुमचीच असतील, उस्ताद."
असतील.

सायलेन्सरवर जादा पत्रा ठोकला मी,
बिलात नाही धरला.