नीलू, वस्तीला

गाडी घेतली तेव्हा पेन ड्राइव्ह आत अडकलेलाच होता.
चिमट्यानं ओढला, डोकं तुटून हातात आलं,
बाकीचा खाचेत राहिला.
चावी फिरवली की आपोआप
एकच गाणं.

पांढरी मारुती व्हॅन, टपाला दोन भोकं,
एम-सील लावून बुजवलेली.
विकणारा व्यंकटी मुत्तेपवार म्हणाला होता,
पावसात थोडी गळती, बाकी इंजिन सोनं.

मी पशुधन खात्यात. मागच्या सीटखाली
नायट्रोजनचा कॅन, त्यात उद्याची वासरं
काड्यांमध्ये गोठून बसलेली.
देगलूर ते मुखेड, मुखेड ते एखादी वाडी,
जिथं कुणाची म्हैस रात्रभर ओरडलीय.
आणि सोबत हा माणूस,
तेलुगूत गाणारा,
गळ्यात सर्दी, मागं ढोलक,
दुसऱ्या कडव्याआधी कुणीतरी खुर्ची सरकवतं.

तेलुगू मला येत नाही.
आईला यायचं, बाजारापुरतं.
पण धृपद मला पहिल्याच दिवशी कळलं:
नीलू, वस्ती. नीलू, वस्ती.
म्हणजे नीलू, आजच्या रात्री वस्तीला राहा.

चार वर्षं मी ह्या नीलूला ओळखते.
ती दुपारी येते, चहा घेते,
चप्पल उंबऱ्याकडं तोंड करून काढते.
पाच वाजले की घड्याळ बघत नाही, दार बघते.
तो म्हणतो, राहा.
ती म्हणते, शेवटची गाडी चुकेल.
खड्डा आला की त्याचा आवाज थरथरतो,
मला वाटायचं, आता रडतो की काय.
लेंडीच्या पुलावर मी हमखास आवाज वाढवायचे
आणि त्याच्याबरोबर बोलवायचे तिला,
काचा वर करून.
बिनबायकोच्या एका माणसाला
मीही असंच पाच वाजता उठून आले होते.
ते असो.

परवा लसमव्वाला घेतलं फाट्यावरून.
माहेर मदनूरकडलं, मांडीवर पोट फुगलेली शेळी,
ओठात अर्धी सुपारी.
गाणं लागलं. तिनं कान दिला.
मग पदर तोंडाला लावून
अशी हसली, अशी हसली,
की शेळीसुद्धा दचकली.

अवं बाई, हे मोटारीचं हाय.
कसल्या मोटारीचं?
बोअरमधल्या. पाण्याच्या. जाहिरात हाय ही.
अमुक मोटार बसवा म्हणतो, पाणी येतंय.
नीळ्ळु म्हणजे पाणी.
वस्ताई म्हणजे येतंय. येईल.

मी वर बघितलं.
टपाची दोन भोकं. तिथं भोंगा असणार.
मुत्तेपवार ह्याच गाडीतून, ह्याच रस्त्यानं,
गावोगाव हे वाजवत फिरला असणार
आणि पोरं मागं पळाली असणार धुळीतनं.

सात किलोमीटर मी काही बोलले नाही.
गाणं संपलं, पुन्हा सुरू झालं.
खुर्ची सरकली.
लसमव्वानंच विचारलं,
तुमाला काय वाटलं व्हतं?
सांगितलं. चहा, चप्पल, पाच वाजता, सगळं.
फक्त माझं तेवढं गाळलं.
ती आता हसत नव्हती.
मग ऱ्हायली का वो ती?
म्हटलं, चार वर्षं तो बोलावतोय, मला तर काही दिसली नाही.
तर म्हणे, मग काय.
आमच्यात बी सात बोअर झाले.

वाडीच्या अलीकडं गाडी उभी केली,
शेळीला औषध पाजलं, पोट चोळलं.
पुन्हा बसलो. चावी फिरवली.
तो खोकरून गायला लागला
तोच मांडीवर शेळी सैल झाली,
लसमव्वाचं लुगडं, सीट, गिअरची दांडी,
सगळं ऊन ऊन.

नीळ्ळु वस्ताई, म्हणाली लसमव्वा,
हात वर धरून,
चालीत.

सीटचा वास अजून गेलेला नाही.
कालही पुलावर मी आवाज वाढवला.
नेमकं कोणाला बोलावत होते
ते विचारू नका.