बारा खडी

जॉर्जिया अव्हेन्यूवरच्या चर्चचं तळघर.
शनिवारी दहा ते बारा
डावीकडच्या खोलीत आमची मराठी शाळा,
उजवीकडे इथिओपियाची,
मधे प्लायवुडची भिंत, तीही छतापर्यंत न पोचलेली.

आम्ही पालक बाहेर, घडीच्या खुर्च्यांवर.
क का कि की चालू असतं
आणि त्याच्या अंगावरून, पलीकडून,
अ बु गी दा.

शाल्मली पाणी प्यायला बाहेर आली.
‘बाबा, बाराखडी म्हणजे तुझीच ना खडी?
बारा प्रकारची?’
मी काउंटीच्या रस्ते खात्यात.
खडीचे प्रकार मला बाराहून जास्त ठाऊक,
हे मात्र कधी विचारलं नव्हतं कुणाला.

रात्री कोश उघडला. बारा अक्षरी.
खडी कुठे नव्हतीच.
जे झिजत नाही ते अक्षर,
पाचवीत घोकून घेतलं होतं आमच्याकडून.
आणि तेच, किती तोंडांतून जाता जाता,
अक्खर, खरी, खडी.
हसू आलं. चाकांखाली दगडाचं काय होतं
याचेच तर अहवाल लिहितो मी.

पुढच्या शनिवारी येशीमेबेतला विचारलं,
जिचा नातू नाओद पलीकडे बसतो.
पार्किंगच्या पावतीमागे तिने चार अक्षरं काढली:
पहिल्याचं पहिलं रूप,
दुसऱ्याचं दुसरं,
तिसऱ्याचं तिसरं, चौथ्याचं चौथं.
तक्त्यावरून तिरकं उतरायचं, जिन्यासारखं.
‘पंडित लोक आता
अशा सगळ्या लिप्यांना अबुगीदाच म्हणतात,
तुमच्यासुद्धा,’ म्हणाली,
घरमालकिणीच्या आवाजात.

मग तिने विचारलं,
तुमचा एकटा क कसा लिहिता, स्वराशिवाय?
मी काढून दाखवला. म्हटलं, पाय मोडतो त्याचा.
‘अरेरे.’
बराच वेळ बघत राहिली त्या क् कडे.
‘आमच्याकडे सहावं रूप असतं.
त्यात स्वर कधी असतो, कधी नसतो.
वाचणाऱ्याने ओळखायचं.
मोडत नाही आम्ही कुणाला.’

ऑफिसात माझ्या नावाचा शेवटचा अ
सतरा वर्षांत कुणी उच्चारलेला नाही.
तसा तो पुण्यातही कुणी उच्चारत नव्हतं.
हे तिला सांगायचं राहिलं, बारा वाजले.

पोरं बाहेर सुटली.
फुटपाथच्या चौकोनांवरून
नाओद तिरक्या उड्या मारत पुढे, मागे शाल्मली,
अ! बु! गी!
आणि चौथ्या चौकोनावर दोन्ही पाय एकदम.

त्याच्याखाली सहा इंच खडी आहे.
माझ्याच सहीची.